पुडीपासून सी.ए. रिपोर्टापर्यंत: अमली पदार्थांच्या प्रयोगशाळेत येऊ पाहणाऱ्या सोलापूरकरांसाठी

केगावला सोलापूर विद्यापीठात एम.एस्सी. करणारी मुलं गड्ड्याच्या दिवसांत भेटली की त्यातलं एखादं तरी विचारतंच, "सर, फॉरेन्सिकला जायचंय. ते एमडी-बिमडी तपासतात ना, तिथं. काय करावं लागेल?" उभ्या उभ्या उत्तर द्यायचा मी बरेचदा प्रयत्न केला, पण यात्रेच्या गर्दीत मास स्पेक्ट्रोमेट्री समजावून सांगणं काही जमत नाही. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

माझी वाट सरळ नव्हती. बी.एस्सी. सोलापुरात, एम.एस्सी. विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात, मग चिंचोळी एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या क्यूसीमध्ये, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, काही वर्षं एचपीएलसी या द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रासमोर, आणि त्यानंतर सरकारी प्रयोगशाळेत अमली पदार्थांच्या टेबलावर. इथल्या अहवालालाच पोलीस 'सी.ए. रिपोर्ट' म्हणतात. क्यूसीत असताना बाटलीवर नाव लिहिलेलं असायचं. आत तेच आहे का आणि किती शुद्ध आहे, एवढंच बघायचं. इथं पुडीवर नाव नसतं. पत्रात 'एमडीसदृश पांढरी पावडर, वजन अमुक' एवढीच माहिती. पदार्थ ओळखणं हा कामाचा सोपा भाग आहे. तो दुसरा कुठलाच पदार्थ असू शकत नाही हे दाखवणं, आणि तेही दोन-चार वर्षांनी कोर्टात टिकेल असं, हा अवघड भाग. मी पुढे मुख्यतः या दुसऱ्या भागाबद्दलच लिहिणार आहे, कारण पहिला पाठ्यपुस्तकात मिळतो.

हा विषय आपल्याला लांबचा वाटायचं कारण नाही. एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापुरातल्या एका औषध कारखान्यातून कित्येक टन इफेड्रिन, म्हणजे मेथॲम्फेटामिन या अमली पदार्थाचा कच्चा माल, जप्त केलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी चिंचोळी एमआयडीसीत मेफेड्रोन, म्हणजे एमडी, बनवणारा कारखाना उघडकीस आणला. त्याच महिन्यात नाशिक पोलीसही अशाच तपासात मोहोळ तालुक्यापर्यंत पोचले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभला मोठा साठा पकडला, तेही आपल्याच पुणे रस्त्यावर. हैदराबादकडून येणारा महामार्ग गावाला खेटून जातो, आणि त्यावर गांजाच्या गाड्या सापडल्याची बातमी आता कुणाला नवी वाटत नाही.

यातून एक गोष्ट नवख्यांना आधीच सांगतो, कारण कॉलेजात ती कुणी सांगत नाही. बंद पडलेलं युनिट भाड्यानं घेतलंय, रात्रपाळी आहे, पगार नेहमीच्या दुप्पट आहे, कंपनीचं नाव नीट सांगत नाहीत आणि केमिस्टच हवाय, अशी नोकरी समोर आली तर जाऊ नका. 'मला माहीत नव्हतं' हे एनडीपीएसमध्ये, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात, सहज चालत नाही. त्या कायद्याचं कलम ३५ गुन्हेगारी मनस्थिती गृहीतच धरतं, आणि ती नव्हती हे आरोपीला संशयाच्या पलीकडे सिद्ध करावं लागतं. मेफेड्रोन २०१५ साली यादीत आलं. २ ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण, ५० ग्रॅमच्या वर व्यावसायिक प्रमाण. व्यावसायिक प्रमाणाला कमीत कमी १० वर्षांची शिक्षा आहे. रसायनशास्त्राची पदवी तिथं बचाव ठरत नाही, उलट अंगावर येते.

पाकीट फोडण्याआधी

पहिले काही आठवडे मला यंत्राला हात लावू दिला नव्हता. तेव्हा राग यायचा. आता नव्या मुलांना मीही लावू देत नाही.

मुद्देमाल हवालदाराच्या हातून येतो. सीलबंद पाकीट, सोबत पत्र, सीलचा नमुना आणि दंडाधिकाऱ्यांसमोर नमुने काढल्याचे कागद. कलम ५२-अ आणि जप्ती, साठवण, नमुने व विल्हेवाटीसंबंधीचे २०२२ चे नियम यांनी ही पद्धत ठरवून दिली आहे. नमुना दंडाधिकाऱ्यांसमोर, दोन प्रतींत काढायचा. अफू, गांजा, चरस असेल तर प्रत्येकी २४ ग्रॅम, बाकी बहुतेक पदार्थांसाठी ५ ग्रॅम. आपण बघायचं ते असं: लाखेवरचा ठसा नमुन्याशी जुळतो का, दोरा कुठे सैल नाही ना, पाकिटावरचा गुन्हा क्रमांक आणि पत्रातला क्रमांक एकच आहे का, सह्या आहेत का. जुळत नसेल तर पाकीट फोडायचं नाही, त्रुटी लिहून परत द्यायचं. हवालदार बिचारा पहाटेच्या एसटीनं आलेला असतो. "साहेब, एवढ्या एका आकड्यासाठी परत पाठवताय होय?" पाठवावं लागतं. तो आकडा आज कुणी तपासला नाही, तर पुढे आरोपीचा वकील तपासतो.

मग वजन. पाकिटासकट एक, पाकिटाशिवाय एक. बॅलन्स त्या दिवशी प्रमाणित वजनांनी तपासलेला असला पाहिजे आणि तशी नोंद वहीत असली पाहिजे. गांजाच्या बाबतीत नवा माणूस हमखास घाबरतो: कागदावर २४ ग्रॅम आणि बॅलन्सवर २१. गांजा ओला असताना जप्त झाला, पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत पडून राहिला, सोलापूरच्या मे महिन्यात वाळला. यात विशेष काही नाही. आपण आपल्याला दिसलेलं वजन लिहायचं, नमुना वाळलेला होता असं वर्णन करायचं आणि थांबायचं. का कमी झालं याचा अंदाज अहवालात लिहायचा नाही. तो विचारला गेला तर साक्षीत सांगायचा.

त्याच नियमांनुसार प्रयोगशाळेनं १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. संख्यात्मक तपासणीला वेळ लागणार असेल तर गुणात्मक निष्कर्ष १५ दिवसांत आणि उरलेलं पुढच्या १५ दिवसांत. कपाटातल्या पाकिटांची रांग बघितली की हा नियम करणाऱ्यांबद्दल आदर वाटतो, एवढंच म्हणतो.

गांजा: डोळ्यांनी होणारं काम

नव्या मुलांना यंत्रं आवडतात, गांजा आवडत नाही. वास कपड्यांना चिकटतो आणि संध्याकाळी बसमध्ये शेजारचा माणूस जरा सरकून बसतो. पण शिकायला गांजाइतकं चांगलं काही नाही.

कायद्यात गांजा म्हणजे भांगेच्या झाडाचे फुलांचे किंवा फळांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत बसत नाहीत. म्हणजे तपासणाऱ्यानं 'यात टीएचसी (गांजातलं नशा आणणारं रसायन) आहे' एवढं म्हणून भागत नाही, पाकिटात शेंडे आहेत का हेही लिहावं लागतं. प्रमाणाचा प्रश्न त्यावर अवलंबून असतो: १ किलोपर्यंत अल्प, २० किलोच्या वर व्यावसायिक. पोत्यात देठ, माती, बिया, पानं असं सगळं असेल तर वेगवेगळं वर्णन करा.

नंतर सूक्ष्मदर्शक. पानाच्या वरच्या बाजूला वाघनखासारखे वाकडे केस दिसतात. त्यांच्या बुडाशी कॅल्शियम कार्बोनेटचा खडा असतो, म्हणून विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडला की तिथून बुडबुडे निघतात. खालच्या बाजूला लांब, सरळ केस, आणि फुलांजवळ राळेनं भरलेल्या ग्रंथी. असे केस इतरही वनस्पतींत असतात. पण हे तिन्ही एकाच तुकड्यावर दिसणं, हा पुरावा. मी आजही सगळ्यांत आधी बुडबुडे बघतो.

त्यानंतर ड्यूकनॉय-लेव्हिन ही रंगचाचणी. व्हॅनिलिन आणि ॲसिटाल्डिहाइडचं अल्कोहोलमधलं द्रावण, वर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, जांभळा रंग, मग क्लोरोफॉर्म. जांभळा रंग क्लोरोफॉर्मच्या थरात उतरला तरच चाचणी पूर्ण. घाईत शेवटचा टप्पा गाळणारे मी पाहिलेत. नुसता जांभळा रंग काही सुगंधी तेलांनाही येऊ शकतो. रंग कुठल्या थरात आहे हे वहीत लिहिलं नसेल तर चाचणी केली नाही असंच धरा.

मग टीएलसी, म्हणजे सिलिकाच्या प्लेटवर द्रावक चढवून घटक वेगवेगळ्या ठिपक्यांत पाडायची पद्धत. तिच्यावर फास्ट ब्लू बी हा रंग फवारला की टीएचसी लाल, आणि गांजातलीच दुसरी दोन रसायनं, सीबीडी नारिंगी, सीबीएन जांभळट दिसतं. जुन्या, वाळलेल्या गांजात सीबीएनचा ठिपका ठळक होतो, कारण टीएचसी हवेत आणि उजेडात हळूहळू सीबीएनमध्ये बदलतं. जीसीवर, म्हणजे नमुन्याची वाफ करून घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर, घेताना एक लक्षात ठेवा: ताज्या वनस्पतीत टीएचसी मुख्यतः आम्लरूपात असतं, आणि जीसीच्या तापलेल्या इंजेक्टरमध्ये ते आम्ल कार्बन डायऑक्साइड सोडून टीएचसी होतं. म्हणजे यंत्र दाखवतं ती बेरीज. झाडात नेमकं काय होतं हे हवं असेल तर एचपीएलसी घ्या, तिथं नमुना असा तापवत नाहीत.

रंग आणि ठिपके

सिनेमात पोलीस नळीत पावडर टाकतात, रंग येतो आणि प्रकरण संपतं. प्रत्यक्षात रंग आला की आपलं काम सुरू होतं.

मार्क्विस, म्हणजे फॉर्माल्डिहाइड आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल, हा सगळ्यांत जुना सोबती. अफूच्या कुळाला जांभळा, ॲम्फेटामिन-मेथॲम्फेटामिनला नारिंगी ते तपकिरी, एमडीएमएला जवळजवळ काळा. पण ॲस्पिरिनलाही तो गुलाबी-लाल होतो आणि साखर सल्फ्युरिक आम्लात करपतेच. आपल्याकडे ज्याची सगळ्यांत चर्चा असते ते मेफेड्रोन मार्क्विसला फारशी दाद देत नाही. फार तर उशिरा पिवळसर छटा येते. त्याला लीबरमान अभिकर्मकानं झगझगीत पिवळा रंग येतो. त्यामुळे 'मार्क्विसला काही आलं नाही, म्हणजे काही नाही' असं म्हणणारा माणूस एमडीचं पाकीट सरळ परत पाठवू शकतो. कोकेनसाठी कोबाल्ट थायोसायनेटचा निळा रंग प्रसिद्ध आहे. तो निळा भूल देणाऱ्या लिग्नोकेनलाही येऊ शकतो, ॲलर्जीच्या डायफेनहायड्रॅमिनलाही. म्हणून याच रंगापासून सुरू होणाऱ्या स्कॉट चाचणीचे पुढचे दोन टप्पे आहेत.

प्रत्येक रंगचाचणीसोबत दोन नळ्या आणखी: एकीत काहीच नाही, दुसरीत माहीत असलेला पदार्थ. अभिकर्मक जुना झाला असेल तर तो इथंच पकडला जातो.

टीएलसीला मुलं नाकं मुरडतात. मला ती फार आवडते. काचेची सिलिका प्लेट, मिथेनॉल आणि थोडा अमोनिया, तासाभरात उत्तर, आणि एका प्लेटवर दहा नमुने शेजारी शेजारी. अतिनील दिव्याखाली आधी बघायचं, मग आयोडोप्लॅटिनेट किंवा ड्रॅगेनडॉर्फ फवारायचं. पावडरीत कॅफीन किंवा पॅरासिटामॉल मिसळलं असेल तर ते वेगळ्या ठिपक्यात उभं राहतं, आणि पुढे यंत्रावर काय अपेक्षित आहे ते कळतं. ठिपका किती वर गेला ते दोन वेगवेगळ्या द्रावकांत बघा. एका द्रावकात दोन पदार्थ एकाच उंचीला येतात, दोन्हीत सहसा येत नाहीत.

५८ चा घोळ

आता जीसी-एमएस, म्हणजे जीसीला जोडलेलं मास स्पेक्ट्रोमीटर. तीस मीटर लांब, केसाएवढ्या नळीतून हेलियमबरोबर मिश्रण धावतं, घटक वेगवेगळे होऊन बाहेर पडतात, आणि ७० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या माऱ्यानं प्रत्येकाचे तुकडे होतात. तुकड्यांची वस्तुमानं म्हणजे त्या पदार्थाचा ठसा. संगणक ठशांच्या संग्रहाशी ताडून नाव सांगतो आणि पुढे जुळणीचा टक्का देतो. नवा माणूस टक्का बघतो आणि खूश होतो.

मेफेड्रोनचा सगळ्यांत उंच तुकडा ५८ वर येतो. मेथॲम्फेटामिनचाही ५८. एमडीएमएचाही ५८. इफेड्रिनचाही ५८, स्यूडोइफेड्रिनचाही. म्हणजे २०१६ च्या जप्तीतला पदार्थ आणि २०२३ च्या जप्तीतला पदार्थ, दोघांचा सगळ्यांत मोठा खांब एकाच जागी. कारण सोपं आहे: या सगळ्यांच्या नायट्रोजनजवळचा भाग सारखाच आहे आणि तो आधी तुटतो. ओळख ठरते ती ५८ सोडून उरलेल्या बारक्या खांबांवरून. मेफेड्रोनला ११९ आणि ९१ हवेत, मेथॲम्फेटामिनला ९१. हे खांब इतके बुटके असतात की नमुना पातळ असेल तर गोंगाटात हरवतात. म्हणून टक्का न बघता बुटके खांब बघायची सवय लावा.

याहून पुढची अडचण मेफेड्रोनच्या भावंडांची. वलयावरचा मिथाइल गट चौथ्या जागी असेल तर मेफेड्रोन. तोच तिसऱ्या किंवा दुसऱ्या जागी असेल तर पदार्थ वेगळा, पण वस्तुमानाचा ठसा जवळपास तोच. संग्रह बिनदिक्कत 'मेफेड्रोन' म्हणतो. इथं धारणवेळ, म्हणजे पदार्थाला नळीतून बाहेर पडायला लागणारा वेळ, कामी येते, तीही रेफरन्स स्टँडर्ड (ओळख पक्की असलेला नमुना) त्याच दिवशी, त्याच पद्धतीनं चालवलं असेल तरच. एफटीआयआर, म्हणजे पदार्थ कुठला अवरक्त प्रकाश शोषतो ते मोजणारं यंत्र, इथं फार उपयोगी पडतं, कारण वलयावरच्या जागेप्रमाणे अवरक्त वर्णपटाचा खालचा भाग बदलतो. मात्र त्याला बऱ्यापैकी शुद्ध नमुना लागतो. मिश्रण असेल तर सगळं एकमेकांत मिसळून दिसतं. म्हणून जीसीनं वेगळं करायचं आणि आयआरनं नाव पक्कं करायचं, अशी जोडी.

स्वगड्रग नावाचा एक आंतरराष्ट्रीय कार्यगट १९९७ पासून या बाबतीत शिफारशी करतो. त्यांनी पद्धतींचे तीन गट पाडलेत. पहिल्यात आयआर, मास स्पेक्ट्रोमेट्री, एनएमआर अशा रचना सांगणाऱ्या पद्धती, दुसऱ्यात टीएलसी, जीसी, एलसी वगैरे, तिसऱ्यात रंगचाचण्या. पहिल्या गटातली किमान एक आणि तिच्यापेक्षा वेगळ्या तत्त्वावरची आणखी एक, असा त्याचा गाभा. ही शिफारस पाठ करू नका, तिच्यामागचा विचार पकडा: दोन पद्धती एकाच कारणानं चुकायला नकोत.

आणि ब्लँक. प्रत्येक नमुन्याआधी नुसता द्रावक यंत्रातून गेला पाहिजे. आधीच्या पाकिटातलं एमडी इंजेक्टरमध्ये चिकटून राहिलं आणि पुढच्या पाकिटातल्या निरुपद्रवी पावडरीत दिसलं, तर एखादा माणूस फुकट तुरुंगात जाईल. पाकिटात एमडी नसतं असंही होतं, हे विसरू नका. कॅफीन, पॅरासिटामॉल, कधी नुसती तुरटी. 'आढळले नाही' लिहिताना हात जड होतो, कारण समोरचा अधिकारी महिनाभर मागावर असतो. पण तोही अहवालच आहे, आणि त्यालाही तेवढेच कागद लागतात.

शिंदी

याबद्दल पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत फारसं मिळत नाही, म्हणून थोडं जास्त लिहितो. आपल्याकडे कामगार वस्त्यांत शिंदीची, म्हणजे शिंदीच्या झाडाच्या आंबलेल्या रसाची, जुनी सवय आहे. झाडांचा रस मागणीला पुरत नाही, मग पाणी येतं, आणि नशा भरून काढायला रसायन. ते रसायन बहुतेकदा क्लोरल हायड्रेट हे गुंगी आणणारं रसायन असतं. तेलंगणाच्या बाजूला अल्प्राझोलाम आणि डायझेपाम ही गुंगीची औषधंही वापरलेली सापडतात. त्यामुळे शिंदीची बाटली आली की दोन्ही दिशांनी बघावं लागतं.

क्लोरल हायड्रेटसाठी फुजिवारा चाचणी: पिरिडिन, सोडियम हायड्रॉक्साइड, उकळत्या पाण्यात थोडा वेळ, आणि पिरिडिनचा थर लाल-गुलाबी. चाचणी अतिशय संवेदनशील आहे आणि तीच तिची अडचण. ती क्लोरोफॉर्मलाही लाल होते. शेजारच्या टेबलावर कुणी गांजाची ड्यूकनॉय-लेव्हिन करत असेल आणि क्लोरोफॉर्मची बाटली उघडी असेल, तर तुमचं ब्लँकही गुलाबी होऊ शकतं. आमच्याकडे ही दोन कामं एका दिवशी एका खोलीत ठेवत नाहीत. पक्कं करायला जीसी-एमएस आहेच, पण शिंदी म्हणजे साखर, यीस्ट आणि पाणी. ती तशीच सोडली तर कॉलम, म्हणजे यंत्राची नळी, खराब होतो, आधी रसायन इथाइल ॲसिटेटनं ओढून घ्यावं लागतं.

फरक कायद्याचाही आहे. अल्प्राझोलाम एनडीपीएसच्या यादीत आहे, क्लोरल हायड्रेट नाही. म्हणजे एकाच दिसणाऱ्या दोन बाटल्यांतून दोन वेगळ्या कायद्यांखालची प्रकरणं उभी राहतात, एक एनडीपीएसचं आणि दुसरं दारूबंदी कायद्याकडचं. 'रसायनमिश्रित ताडी' एवढंच लिहिलेला अहवाल कोर्टाच्या काही कामाचा नाही. रसायनाचं नाव पाहिजे.

लघवीच्या तपासणीबद्दल थोडक्यात, कारण ते काम मी स्वतः कमी केलंय. इस्पितळात पट्टीवर होणारी तपासणी प्रतिपिंडांवर चालते आणि ती प्राथमिकच असते. अमेरिकेत नोकरीसंबंधी चाचण्यांत गांजाच्या चयापचयजाची (शरीरात टीएचसीपासून तयार होणाऱ्या पदार्थाची) पहिली मर्यादा प्रति मिलिलिटर ५० नॅनोग्रॅम आणि पक्की करतानाची १५ आहे. अफूच्या कुळाची मर्यादा तिथं १९९८ साली ३०० वरून २,००० केली गेली, आणि त्यामागचं एक मोठं कारण खसखस, कारण ती अफूच्याच झाडाची. दिवाळीत अनारसे हादडलेल्या माणसाची पट्टी बघताना हे आठवावं. हेरॉइनच घेतलं हे सांगायला ६-मोनोॲसिटिलमॉर्फिन सापडावं लागतं, नुसतं मॉर्फिन पुरत नाही. सर्दीच्या गोळीतल्या स्यूडोइफेड्रिननं ॲम्फेटामिनची पट्टी फसू शकते, उलट मेफेड्रोन त्याच पट्टीतून निसटू शकतं. म्हणून पट्टीचा निकाल उपचारासाठी ठीक, आरोपासाठी नाही.

किती, आणि कोर्टात काय

शुद्धता मोजण्याबद्दल मुलं विचारतात की आता तिचा उपयोग काय. २००८ च्या एका निकालामुळे मिश्रणातला फक्त शुद्ध अमली पदार्थ मोजायची रीत होती. एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की भेसळीसकट पूर्ण वजन धरायचं. समजा ६० ग्रॅम पावडरीत २० टक्के मेफेड्रोन आहे. शुद्ध धरलं तर १२ ग्रॅम, म्हणजे मधला गट. पूर्ण वजन धरलं तर ५० च्या वर, म्हणजे व्यावसायिक. तरीही शुद्धता मोजा. भेसळ काय आहे यावरून दोन जप्त्यांचा माल एकाच ठिकाणचा असू शकतो का, याचा धागा तपास अधिकाऱ्याला मिळतो, आणि संशयास्पद कमी प्रमाण असेल तर आपली ओळखच पुन्हा तपासायला हवी हे कळतं.

सरकारी तज्ज्ञाचा अहवाल साक्षीशिवायही पुराव्यात वाचता येतो. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २९३ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३२९. पण न्यायालय बोलावू शकतं, आणि एनडीपीएसमध्ये बोलावतं. प्रश्न रसायनशास्त्राचे कमी असतात. सील कुणी तोडलं? त्या वेळी खोलीत कोण होतं? ब्लँकचा आलेख कुठाय? बॅलन्स कधी तपासला? उत्तर वहीत असेल तर दोन मिनिटांत सुटता. मराठीत साक्ष द्यायची तयारीही ठेवा. 'रिटेन्शन टाइम' म्हणजे काय, हे न्यायाधीशांना कळेल अशा चार वाक्यांत सांगता आलं पाहिजे. यासाठी घरी बोलून सराव करतात लोक. मी अजूनही करतो.

यायचं कसं

राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचं मुख्यालय मुंबईत कलिन्याला आहे. पुणे, नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नांदेड, कोल्हापूर इथं प्रादेशिक प्रयोगशाळा आणि सोलापुरासह काही ठिकाणी लघु प्रयोगशाळा. जुनं पद रासायनिक विश्लेषकाचं, म्हणून पोलीस अजून 'सी.ए. रिपोर्ट'च म्हणतात. वैज्ञानिक सहायकाच्या जागा संचालनालय भरतं, वरच्या जागा लोकसेवा आयोगाकडून. जाहिराती दरवर्षी येत नाहीत, त्यामुळे फक्त त्यांच्या भरवशावर घरी बसू नका.

फॉरेन्सिकची पदवी हवीच का? माझं मत: या टेबलासाठी रसायनशास्त्राची पक्की एम.एस्सी. जास्त उपयोगी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, गांधीनगरला राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे. तिथं जाणार असाल तर विश्लेषणात्मक रसायनशास्त्र आणि विषशास्त्राकडे जा. सगळंच थोडं थोडं शिकवणारा अभ्यासक्रम घेऊन आलेल्या मुलांना जीसीचा लायनर (इंजेक्टरमधली काचेची नळी) बदलता येत नाही. खासगी महाविद्यालयांच्या डिप्लोमांवर मोठी फी भरण्याआधी ज्या पदासाठी अर्ज करायचाय त्याची जुनी जाहिरात काढून पात्रता वाचा.

राज्याच्या प्रयोगशाळेशिवायही दारं आहेत. पुण्यातली केंद्रीय न्यायसहायक विज्ञान प्रयोगशाळा, महसूल खात्याची केंद्रीय नियंत्रण प्रयोगशाळा, अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळा, खेळाडूंची उत्तेजकं तपासणारी दिल्लीची एनडीटीएल. आणि तोवर चिंचोळीतली क्यूसी. तिथल्या ऑडिटला घाबरलेला माणूस पुढे उलटतपासणीला घाबरत नाही. तारीख, सही, खाडाखोड एका रेघेनं, मूळ आकडा वाचता येईल असा: ही शिस्त मला तिथंच लागली, आणि आयएसओ/आयईसी १७०२५ या प्रयोगशाळांच्या मानांकनात तीच मागतात.

अमली पदार्थ हातात न घेता तयारी करता येते. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हे कार्यालयाची तपासणीची मॅन्युअलं मोफत मिळतात, स्वगड्रगचा मास स्पेक्ट्रमांचा संग्रहही मोफत आहे. ५८ वाल्या पाच पदार्थांचे ठसे शेजारी शेजारी ठेवा आणि नावं झाकून ओळखा. मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली, हूडमध्ये, ॲस्पिरिनवर मार्क्विस करून बघा. सल्फ्युरिक आणि फॉर्माल्डिहाइड दोन्ही घातक आहेत, खोलीवर हा उद्योग नको. टीएलसीला पॅरासिटामॉल, कॅफीन आणि ॲस्पिरिनच्या गोळ्या पुरतात. त्यांचं मिश्रण मित्राला करायला सांगा, प्रमाण विचारू नका, आणि कशात काय आहे ते दोन द्रावकांत शोधा. प्लेटच्या एका लेनमध्ये नुसता द्रावक लावा. आमच्याकडे प्रशिक्षणाला येणाऱ्यांची प्लेट हातात घेतली की मी आधी तीच लेन शोधतो.